सतारमेकर गल्लीत जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरताच आधी कानशीची खरखर ऐकू येते आहे, मग एखादी तार. दुकानाच्या पायरीशी कडू भोपळ्यांची रास लागली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेले हे भोपळे वाळून पार हलके झालेत. आत एक पोरगा भिजवलेल्या भोपळ्यातला गर खरवडतो आहे.

माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या चाचांकडे. आडव्या ठेवलेल्या तंबोऱ्यावर ते वाकलेत आणि घोडीवर अगदी हलक्या हातानं कानस फिरवतायत. दोनदा घासतात, तार छेडतात, डोळे मिटून ऐकतात, पुन्हा घासतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नखभरही नसेल इतका उतार आहे. थरथरणारी तार त्या उताराला टेकत-सुटत राहते, म्हणूनच एका तारेतून अनेक स्वर निघतात. हीच जवारी. मोजपट्टी कुठंच दिसत नाही.

"पट्टी कुठली, बेटा?" तंबोरा घ्यायला आलेल्या मुलीला ते विचारतात.

"काळी चार, चाचा."

चाचा तारेखाली सुताचा धागा घालतात, केसभर पुढं सरकवतात. एकदम आवाज उघडतो. मुलगी षड्ज लावते आणि सगळी खोली भरून जाते. माझ्या अंगावर काटा येतो.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायचा हा उद्योग इथं उभा केला. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं. चार पावलांवर मीरासाहेबांचा दर्गा आहे. १९३७ साली वारलेले गायक अब्दुल करीम खाँ तिथंच विसावलेत आणि उरुसात गवई तिथं हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगलंच झालं. पण मिरजेचं खरं नाव आहे ते चाचांच्या कानात, आणि तो कान कागदावर उतरत नाही. शेजारी बसून, वर्षानुवर्षं ऐकूनच तो तयार होतो.

मोबाइलमधला तंबोरा सोयीचा आहे, रियाजाला चालतोही. पण समोर बसलेल्या गळ्यासाठी तो आपली जवारी बदलत नाही. तुमच्या घरात कुणी गाणं शिकत असेल, तर त्याला एकदा मिरजेला घेऊन या. निवांत वेळ काढून या, आणि जवारी त्याच्या पट्टीत, त्याच्यासमोर काढून घ्या.