आक्काचा बुधवार

पहाटे ३:४५
नळाला पाणी चारला येतं. आक्का त्याआधी उठते. साल १९८१, दिवाळीच्या तोंडावरचा बुधवार. मुंबईत डिलाईल रोडची बीडीडी चाळ, दुसरा मजला. मजल्यावर २० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आम्ही ७ माणसं राहतो आणि आक्काच्या खानावळीचे, मिलमधले १६ गडी जेवतात. एका वेळी नाही, पाळीप्रमाणे.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आई. माहेर-सासर दोन्ही आजरा तालुक्यातलं. अख्खी चाळ तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायचे. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल सांगायचं तर तिचा दिवसच सांगावा लागतो. त्याबाहेर तिनं स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं.

पिंप भरतं. दोन हंडे भरतात. आई उठून कांदे चिरायला बसते. आजोबा कोपऱ्यात खोकतात. कापूस पिंजायच्या खात्यात त्यांची २२ वर्षं गेली. आता ते घरीच असतात.

पहाटे ४:१५
पितळी स्टोला पंप मारून आक्का काटवट पुढ्यात ओढते. पहिल्या हप्त्याच्या २६ भाकऱ्या. सहा जण पहिल्या पाळीचे, त्यांच्या डब्यात तीन-तीन. चौघं तिसरी पाळी करून येतील, त्यांना दोन-दोन. पीठ सव्वातीन किलो. किलोला आठ भाकऱ्या हे तिचं माप. आठाच्या नऊ केल्या तर ताटावर बसणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. साच्यावर आठ तास उभा राहणारा माणूस भाकरी बोटांनीच तोलतो.

कोमट पाणी, मूठभर पीठ, तळहाताच्या टाचेनं रगडणं. मग थापणं. थापताना भाकरी स्वतःभोवती फिरत जाते आणि आक्का बघत असते स्टोकडे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो. उलटली की दुसरा गोळा काटवटीत तयार. एका भाकरीला दोन मिनिटं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना चटका कळत नसे. वाफ कोंडलेली भाकरी ती चिमटा न घेता उचलायची.

सकाळी ६:१०
डबे निघतात. तीन भाकऱ्या, वाटाण्याची उसळ, ठेचा. सहातले दोघं मथुरादास मिलचे, तिघं सीताराममधले. सहावा बदलीवाला, आमच्याच गावचा पोरगा. त्याला कायमचं काम नाही. रोज फाटकाशी उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत घेतात, नाहीतर परत.

त्याचाही डबा भरला जातोच. काम मिळालं नाही तर आठच्या सुमारास तो डबा तसाच घेऊन जिना चढतो. आक्का काही विचारत नाही. डबा त्याच्या हातातून घेऊन फळीवर ठेवते. अकराला तोच डबा उघडून त्याच्यापुढे मांडते.

सात वाजता भोंगा होतो. एकापाठोपाठ एक, वेगवेगळ्या मिलचे. आम्हा पोरांचं घड्याळ तेच.

सकाळी ७:४०
तिसरी पाळी येते. केसांत, भुवयांत, कानांत कापसाचे तंतू. मोरीवर हातपाय धुऊन चौघं भिंतीला टेकून बसतात. बोलत नाहीत. जेवून गावच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, झोपायला जातात. तिथली वळकटी एकट्याची नसते, रात्री तीवर पहिल्या पाळीचा गडी झोपलेला असतो.

सकाळी ९:१५
बुधवार म्हणून आज बांगडे. कोळीण टोपली घेऊन व्हरांड्यात बसते. आमची माणसं घाटावरची, पण मुंबईनं त्यांना मासे खायला शिकवलं.

"रुपयाला दोन."
"तीन दे की गं. माझं गिऱ्हाईक न्हवं, पंगत हाय."
"पंगत तुझी, जाळं माझं."

दोन रुपयांना पाच यावर जमतं. आक्का प्रत्येकाचे कल्ले उचलून बघते. चार परत टोपलीत जातात, बदली चार येतात. दहा रुपयांचे २५ बांगडे. गडी १६, घरचे ७. दोन जादा. त्यातला एक बदलीवाल्याला, हे तिनं आधीच ठरवलेलं असतं. दुसरा आजोबांना.

स्वतःचा बांगडा आक्का पहिल्या पंगतीच्या आधी बाजूला काढून ठेवते. शेजारणी हसायच्या. घरातल्या बाईनं शेवटी उरलंसुरलं खायचं ही रीत. आक्का म्हणायची, "मी पडलो तर ह्या सोळा जणांचं कोन बघंल?" तिची ही गोष्ट मला फार आवडते.

दुपारी १:३०
दुसऱ्या पाळीचे सहा जण. साडेतीनला मिलमध्ये शिरायचं, त्याआधी जेवण. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, दोन भाकऱ्या, भात. भाताचा तांदूळ रेशनचा. गावाकडून येणारा घनसाळ तांदूळ सणासाठी डब्यात बंद. रात्रीच्या डब्यासाठी दोन-दोन भाकऱ्या बांधून देते.

सगळे गेले की ती पाठ टेकते. पंधरा-वीस मिनिटं. पाय उंबऱ्याबाहेर, कारण आत जागा नसते.

दुपारी ४:००
मी शाळेतून येते. दप्तर ठेवून दळण घेऊन जाते. ज्वारी बारा किलो, किलोला चार आणे, म्हणजे तीन रुपये. दळण रोजचं, कारण भाकऱ्या दिवसाला शंभराच्या घरात जातात. आल्यावर वही. आक्काला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचे. कुणाचा खाडा, कुणाची उचल. आकडा चुकला की न बघता तिला कळायचं.

माणशी महिना १५०. पूर्ण आले तर २४००. पूर्ण कधी येत नाहीत. ज्वारी, तांदूळ, तेल, डाळ, भाजी, मासळी. रेशनचं घासलेट पंधरा तारखेला संपतं, पुढचं जादा भावानं. सगळं वजा जाता हातात तीनशेच्या आसपास. मजुरी असा रकाना वहीत नव्हता. मात्र घरची सात माणसं त्यातच जेवलेली असायची.

तीनशे तरी उरायचे, कारण वाण्याची उधारी सुटली होती. आधी सामान उधारीवर, म्हणून वाणी लावेल तो भाव आणि देईल तो खडा-किडका माल. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्यांना बँक दारात कधी उभी करत नसे अशा बायकांना एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळायला लागलं. आक्कानं १५०० घेतले. स्टो आणला, मोठं पातेलं आणलं, सुगीला ज्वारीची पोती रोख पैशांत घेतली. हप्ता तिनं चुकवला नाही.

हिशेबाची ती वही आजही माझ्याकडे आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप लागला, त्यानंतरही तीन महिने नावांपुढे जेवण लिहिलेलं आहे, जमेच्या बाजूला काही नाही. आक्कानं पाटल्या गहाण ठेवल्या. मग एकेक गडी गावाकडे गेला. १९८५ साली आजऱ्याहून ४५० रुपयांची मनीऑर्डर आली. कुपनावर एकच शब्द, 'जेवणाचे'. तिनं मला वही काढायला लावली आणि त्या नावाखाली रेघ मारून घेतली. बाकीच्यांच्या नावाखाली रेघ मारू दिली नाही, आणि कुणाला पैशांसाठी निरोपही धाडला नाही.

संध्याकाळी ७:००
पहिल्या आणि तिसऱ्या पाळीची पंगत. दहा जण, दोन ओळी, मधून वाढणारी आक्का. तीस भाकऱ्या. कुणाच्या घरून पत्र आलं असेल तर मी वाचून दाखवते. म्हैस व्याली, धाकट्याला ताप, पैसे पाठवा. ऐकता ऐकता आक्का त्याच्या ताटात कालवण वाढते.

आम्ही पोरं नऊला झोपतो. भांडी आई आणि ती दोघी घासतात.

रात्री १२:३०
दुसरी पाळी सुटून येते. भात आणि उरलेलं कालवण गरम करून ठेवलेलं. आवाज हळू, पोरं झोपलेली. तरी मला ऐकू येतं. बोलणं बोनसचं. यंदा किती टक्के? कुणी म्हणतो वीस, कुणी म्हणतो आठच देणार. घाटकोपरला डॉक्टरांकडे जायचं का? डॉक्टर म्हणजे कामगार पुढारी दत्ता सामंत.

"आधी जेवा," आक्का म्हणते.

ते गेल्यावर ती उद्याचा हिशेब लावते. गुरुवार. पहिल्या पाळीतल्या दोघांना दत्ताचा उपास, रात्री सोडतील. म्हणजे सकाळी सहा भाकऱ्या कमी. ती साबुदाणा धुऊन भिजत घालते, मूठभर शेंगदाणे भाजायला काढून ठेवते. साबुदाणा ज्वारीपेक्षा महाग पडतो. त्याचे वेगळे पैसे तिनं कधी लावले नाहीत.