वेब अर्ज आणि पृष्ठरचना : मराठी नोंदींच्या संदर्भात

प्रास्ताविक

प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती या तिन्ही गोष्टींची वाट आता बहुतांशी संकेतस्थळावरील अर्जातून जाते. कागदी अर्जातील चूक खिडकीपलीकडचा लिपिक दाखवून देत असे. प्रसंगी स्वतःच दुरुस्तही करीत असे. वेब अर्जात ते काम आधीच लिहून ठेवलेल्या नियमांवर सोपविलेले असते. नियमच सदोष असेल तर विद्यार्थ्याचे नाव अचूक असूनही नाकारले जाते आणि अंतिम तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. प्रस्तुत लेखात अर्जाची हाताळणी आणि पृष्ठाची मांडणी या दोन अंगांचे विवेचन मराठी नोंदी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

अर्जाचा प्रवास

अर्जाची सोय एचटीएमएलच्या १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीच्या मानकातच होती आणि तिचे मूलतत्त्व आजही बदललेले नाही. प्रत्येक रकान्याला एक नाव असते. ते नाव आणि भरलेला मजकूर यांच्या जोड्या सर्व्हरकडे जातात. 'गेट' पद्धतीत या जोड्या पृष्ठाच्या पत्त्यामागे जोडल्या जातात, तर 'पोस्ट' पद्धतीत त्या विनंतीच्या अंतर्भागात जातात. ग्रंथालयातील पुस्तक शोधण्यास 'गेट' उत्तम. बँक खात्याचा क्रमांक मागणाऱ्या अर्जाला ती सर्वथा अयोग्य, कारण पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत शिल्लक राहतो. अर्थात 'पोस्ट' म्हणजे गुप्तता नव्हे. वाटेतील संरक्षण एचटीटीपीएसमुळे मिळते.

भरलेल्या माहितीची तपासणी दोन ठिकाणी होते. ब्राउझरमधील तपासणी ही वापरकर्त्याची सोय आहे. ती कोणालाही बंद करता येत असल्याने तिला सुरक्षा मानणे हा भाबडेपणा ठरेल. सर्व्हरवर प्रत्येक मूल्य पुन्हा तपासलेच पाहिजे.

नावाचा प्रश्न

अर्जांचे बहुतेक तयार नमुने 'पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव' असा क्रम गृहीत धरतात. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी लिहिण्याची रीत रूढ आहे आणि मधले नाव म्हणजे बहुधा वडिलांचे किंवा पतीचे. 'पहिले नाव' या रकान्यात काही विद्यार्थी आडनाव भरतात, ते या रीतीनुसारच. रकान्यांना 'आडनाव', 'स्वतःचे नाव', 'वडिलांचे किंवा पतीचे नाव' अशी स्पष्ट शीर्षके दिल्यास निम्मा गोंधळ उद्भवतच नाही.

याहून सूक्ष्म अडचण लिपीची आहे. 'ज्ञानेश्वर' या नावात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात व्यंजने, मात्रा आणि हलन्त चिन्हे वेगवेगळी मोजली जाऊन ती दहा होतात. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे तीस बाइट होतात आणि 'गेट' पद्धतीने पाठविल्यास पत्त्यात नव्वद वर्ण व्यापले जातात. रकान्याची कमाल लांबी ठरविणारा 'मॅक्सलेन्ग्थ' हा गुणधर्म डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजत नाही, आणि काही डेटाबेसमध्ये तर लांबी बाइटमध्येच मोजली जाते. इंग्रजी नावांच्या अंदाजाने घातलेली तीसची मर्यादा मराठी पूर्ण नावाला मध्येच तोडते, ती यामुळे.

नावात केवळ 'अक्षरे' चालतील असा नियमही तपासून पाहावा. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा, अनुस्वार व हलन्त हे 'अक्षर' नसून 'चिन्ह' या वर्गात येतात. केवळ अक्षरवर्गास मान्यता देणारा नियम 'कमल' स्वीकारतो आणि 'सीता' नाकारतो!

'कऱ्हाडे' या आडनावाचे उदाहरण विशेष बोधक आहे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे नोंदविता येतो : ऱ व हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणक मात्र ती भिन्न मानतो. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही हा भेद मिटवीत नाही. प्रवेशाच्या नोंदीतील नाव शिष्यवृत्तीच्या नोंदीशी 'जुळत नाही' असे उत्तर यातून येऊ शकते. अदृश्य चिन्हे सरसकट गाळणे हा उपाय नव्हे, कारण मग दुसऱ्या रूपातील 'ऱ्ह'चा 'र्ह' होतो. साठविण्यापूर्वी एक रूप निश्चित करून दुसरे त्यात बदलून घेणे हाच योग्य मार्ग.

अंकांचीही तीच कथा. जावास्क्रिप्टमधील 'कोणताही अंक' दर्शविणारी खूण देवनागरी अंक ओळखत नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर तपासताना तीच खूण ते ओळखते. भ्रमणध्वनी क्रमांक मराठीत लिहिणाऱ्याला परत पाठविण्यापेक्षा अंक सर्व्हरवर रूपांतरित करणे अगदी सोपे आहे.

मांडणी

सीएसएसचे पहिले मानक १९९६ मध्ये आले, तरी पुढे बरीच वर्षे अर्ज तक्त्यांच्या चौकटीत बसविले जात. डाव्या घरात शीर्षक, उजव्या घरात रकाना. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत 'ग्रिड' उपलब्ध झाल्यानंतर या क्लृप्तीचे प्रयोजन उरले नाही. मोबाइलवर एकाखाली एक आणि मोठ्या पडद्यावर दोन स्तंभ, अशी रचना काही ओळींत साधते. मात्र दृश्य क्रम बदलला तरी मूळ क्रम बदलत नाही. कळफलकाने किंवा पडदावाचकाने अर्ज भरणारा विद्यार्थी मूळ क्रमानेच जातो. त्याच्यासाठी प्रत्येक रकान्याला 'लेबल' जोडलेले असणे अनिवार्य आहे. रकान्यातील फिकट सूचना टंकन सुरू होताच नाहीशी होते. ती लेबलची जागा घेऊ शकत नाही.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर व खाली दोन्हीकडे मात्रा येत असल्याने ठरावीक उंचीच्या रकान्यात 'र्की'चा माथा किंवा 'त्रू'चा पाय कापला जातो. उंची मजकुरानुसार वाढू द्यावी. अक्षरांतील अंतर वाढविण्याचा मोह टाळावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे 'लँग' या गुणधर्माने नोंदविल्यास, टंकात सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात आणि पडदावाचकाला योग्य उच्चार निवडता येतो.

चूक आढळल्यावर केवळ लाल चौकट दाखवू नये. काय चुकले ते रकान्यालगत शब्दांत लिहावे आणि बाकीची भरलेली माहिती जशीच्या तशी परत द्यावी. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून चाळीस रकाने भरणाऱ्या विद्यार्थ्याला एका पिनकोडसाठी कोरा अर्ज पुन्हा दाखविला जाता कामा नये.