अपघातानंतरची नुकसानभरपाई: अपंगत्वाचा टक्का आणि तडजोडीची रक्कम

‘विमा कंपनी पाच लाख द्यायला तयार आहे, घ्यावेत का?’ कारच्या धडकेत जखमी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक फॉलोअपला आले की हा प्रश्न हमखास विचारतात. रक्कम ठरवणे हे वकिलाचे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे काम आहे. पण त्या हिशोबातला सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा डॉक्टरांच्या कागदावरून निघतो, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

भरपाईत काय काय धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2010) या निकालात सांगितले आहे. उपचार, औषधे, प्रवास आणि पौष्टिक आहाराचा खर्च. उपचारांच्या काळात बुडालेली कमाई. पुढच्या उपचारांचा खर्च. वेदना आणि रोजच्या जगण्यात आलेली उणीव. आणि कायमच्या अपंगत्वामुळे पुढे कमी होणारी कमाई. गोंधळ होतो तो या शेवटच्या बाबीत.

समजा प्रमाणपत्रावर ‘उजवा पाय, 40 टक्के’ लिहिले आहे. हे त्या पायाचे अपंगत्व झाले. संपूर्ण शरीराचे अपंगत्व त्याहून कमी येते. आणि कमाईची क्षमता किती घटली, हा तिसराच आकडा. तो कामावर अवलंबून असतो. याच निकालातले उदाहरण बोलके आहे: डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाईची क्षमता जवळजवळ 100 टक्के जाऊ शकते, तर सरकारी नोकरीतला कारकून तेच काम पुढे करत राहिला तर त्याचे नुकसान फारसे नसेलही.

हा फरक पैशांत किती मोठा होतो ते पाहा. 32 वर्षांचा प्लंबर, महिन्याची कमाई 18,000 रुपये. प्रणय सेठी निकालानुसार (2017) स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळिशीच्या आतल्या व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवतात, म्हणजे महिन्याला 25,200 आणि वर्षाला 3,02,400 रुपये. सरला वर्मा निकालातील (2009) तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयासाठी गुणक 16. कमाईचे नुकसान 13 टक्के धरले तर 6,28,992 रुपये होतात. गुडघा वाकत नसल्याने उकिडवे बसता येत नाही, हे लक्षात घेऊन 30 टक्के धरले तर 14,51,520. (टक्के उदाहरणादाखल आहेत.) बाकीच्या बाबी यात मिळवायच्या. अपघातात रुग्णाचीही चूक ठरली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

म्हणून प्रमाणपत्र घेताना डॉक्टरांना आपले काम नीट सांगा. ‘खासगी नोकरी’ एवढ्याने काहीच कळत नाही. किती वेळ उभे राहावे लागते, ओझे उचलावे लागते का, शिडी चढावी लागते का, हे केस पेपरवर लिहून घ्या. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही लागू शकते. एकदाही न तपासता कोणी प्रमाणपत्र ‘काढून देतो’ म्हणत असेल, तर ते उलटतपासणीत टिकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. 2019 च्या कायदा दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून 6 महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, त्यामुळे अर्ज लवकर करा. तडजोड मात्र प्रकृती स्थिरावल्यावर. हे दोन्ही एकच नव्हे. खुब्याचा सांधा निखळला असेल तर मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते वर्ष-दोन वर्षांनीही खचू शकते आणि सांधा बदलावा लागतो. डोक्याला गंभीर मार बसल्यावर फिट्स उशिरा सुरू होऊ शकतात. चिडचिड, विसराळूपणा घरच्यांनाच आधी जाणवतो. तोही डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. रॉड काढण्याची शस्त्रक्रिया किंवा दीर्घ फिजिओथेरपी लागणार असेल, तर अंदाजे खर्चाचे पत्र रुग्णालयाकडून मागा.

लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही. पैशांची नड असते, घर चालवणारा माणूसच अंथरुणावर असतो, त्यामुळे लवकर मिळणारी रक्कम घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. तरीही सही करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘याच्यात अजून सुधारणा किंवा बिघाड होण्याची शक्यता आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर ते लेखी घेऊन वकिलाला दाखवा.