या, बघा, घ्या

‘ओईसो, बोईसो, साईसो.’ या, बघा, घ्या. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या जागालची मासळी बाजाराचं हे घोषवाक्य. ते सेऊलच्या प्रमाण कोरियनमध्ये नाही, इथल्या दक्षिणी बोलीत आहे. बाजारातल्या विक्रेत्या बायकांना ‘जागालची अजिमे’ म्हणतात. अजिमे म्हणजे मावशी, काकू. आपण कोळणीला मारतो तशीच हाक.

मी गेलो तेव्हा एक मावशी रबरी हातमोजे चढवून कोमजांगओ सोलत होती. वामेसारखा लांबोळका, बुळबुळीत, पण जबडाच नसलेला प्राणी. तिनं त्याचं डोकं फळीवरच्या खिळ्यात अडकवलं, मानेशी सुरीनं चीर दिली आणि एका ओढीत कातडं शेपटीपर्यंत उतरवलं. सोललेलं अंग टोपलीत पडूनही वळवळत होतं. मग कांदा, गोचुजांग ही मिरचीची आंबवलेली चटणी, आणि तापलेला तवा. जपानी अमदानीत या प्राण्याच्या कातड्याला भाव होता, मांस टाकून दिलं जाई. पुढे युद्धातल्या भुकेच्या दिवसांत निर्वासितांनी तेच टाकलेलं मांस भाजून खाल्लं. आज त्यासाठी लोक दुरून येतात.

बुसानमध्ये पावलोपावली मला हेच दिसलं. इथे जे खायचं, घ्यायचं, बघायचं, त्यातलं बरंचसं कोरियन युद्धात इथे आलेल्या निर्वासितांच्या हातचं आहे. त्यांची गोष्ट ठाऊक नसेल तर माणूस पोटभर जेवून, पिशव्या भरून परत येईल, पण बुसान त्याला भेटलेलं नसेल.

हे बंदर १८७६ च्या तहानंतर जपानी व्यापारासाठी उघडलं. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं, तीन दिवसांत सेऊल पडलं आणि ऑगस्टपर्यंत देशाचा आग्नेय कोपरा तेवढा दक्षिणेच्या हातात उरला. बुसान त्या कोपऱ्यातलं बंदर. युद्धाच्या तीन वर्षांतला बहुतेक काळ हीच देशाची राजधानी होती. १९४९ साली शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती. १९५५ च्या गणनेत ती दहा लाखांवर गेली. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज सुमारे १४,००० माणसं घेऊन निघालं. बुसानला पोचलं तर इथे पाय ठेवायला जागा नव्हती. अखेर शेजारच्या गोजे बेटावर ते रिकामं झालं.

उत्तरेतून आलेल्या माणसांनी सोबत काय आणलं असेल? भांडीकुंडी फारशी नाहीत. जिभेवरची चव मात्र आणली. उत्तरेकडच्या लोकांचा जीव थंडगार शेवयांवर, नेंगम्यनवर. त्या शेवया कुट्टूच्या किंवा बटाट्याच्या पिठाच्या. बुसानमध्ये कुट्टू मिळेना, मिळत होता तो अमेरिकी मदतीतून आलेला गव्हाचा मैदा. मग मैद्याच्याच शेवया झाल्या आणि त्यांचं नाव पडलं मिलम्यन. ‘मिल’ म्हणजे गहू. वाडगं समोर येतं तेव्हा मांसाच्या रश्श्यावर बर्फाचा चुरा तरंगत असतो, वर काकडी, मुळा, अर्धं उकडलेलं अंडं आणि लाल मसाल्याचा गोळा. आधी किटलीतून गरम रस्सा देतात, तो घोट घोट घ्यायचा. मग शेवया कात्रीनं कापून, व्हिनेगर आणि मोहरीची चटणी घालून खायच्या. गावाकडची चव परक्या पिठात शोधणाऱ्या माणसांचं हे जेवण आहे. पहिल्या घासाला ते मला साधं वाटलं. ही हकीकत कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

देजी गुकबाप हे इथलं दुसरं रोजचं अन्न: डुकराच्या हाडांचा पांढुरका रस्सा आणि त्यात भात. जुन्या खाणावळीत वाढपिणीच्या हाताकडे बघत राहावं. गार भातावर ती उकळता रस्सा ओतते, पळीनं भात दाबून धरत तो परत पातेल्यात निथळते, पुन्हा ओतते. असं तीन-चार वेळा. दाणा आतपर्यंत गरम होतो, पण फुटत नाही. या कृतीला तोऱ्यम म्हणतात. चवीला खारवलेली बारीक कोळंबी आणि लसणाच्या वासाची हिरवी पात.

खरेदीसाठी लोक सेंटम सिटीतल्या शिनसेगे दुकानात जातात. २००९ मध्ये गिनेस बुकानं त्याला जगातलं सगळ्यात मोठं डिपार्टमेंट स्टोअर ठरवलं होतं. जरूर जावं, पण गुकजे बाजाराच्या वाट्याचा वेळ त्याला देऊ नये. १९४५ मध्ये परतीची जहाजं पकडणारे जपानी आपलं घरसामान विकत होते, तिथून हा बाजार उभा राहिला. पुढे निर्वासितांनी गाळे थाटले आणि अमेरिकी छावण्यांतला माल वेगवेगळ्या वाटांनी इथे येऊ लागला. लगतच्या बाजाराला आजही ‘कांगथोंग’, म्हणजे डबाबंद मालाचा बाजार म्हणतात. चार पावलांवर बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली आहे. उत्तरेतून आलेल्या एका जोडप्यानं खोक्यावर अमेरिकी सैनिकांची जुनी मासिकं मांडली, ती तिची सुरुवात. तेव्हा विद्यापीठंही पळून बुसानला आली होती आणि तंबूत वर्ग भरत होते. पोटाला पुरतं नव्हतं, त्या दिवसांत या गल्लीत पुस्तकांना गिऱ्हाईक होतं. हे मला फार मोठं वाटतं.

हेउंदेची पुळण सुंदर आहे, पण उंच इमारतींनी तिचा श्वास कोंडलाय. गामचनची रंगीत घरं सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. तिथे जाताना एवढं बघावं की डोंगरउतारावरचं कुठलंही घर मागच्या घराचा उजेड अडवत नाही. आणि आवाज खाली ठेवावा, खिडक्यांआड माणसं राहतात.

त्याच डोंगराच्या अंगाला आमी-दोंग आहे. तिथे जपान्यांची दफनभूमी होती. निर्वासितांना दुसरी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी थडग्यांवरच झोपड्या बांधल्या आणि स्मृतिशिळा पाया, पायरी, उंबरा म्हणून वापरल्या. एका बोळात गॅसचा सिलिंडर ठेवलेला दगड मला नुसता चौथरा वाटला. वाकून बघितलं, तर कडेला उभ्या ओळीत कोरलेली अक्षरं होती, झिजलेली, पण बोटाला लागणारी. कुणाचं तरी नाव. ज्यांनी देश बळकावला त्यांच्या थडग्यांवर, ज्यांचा देश दुभंगला त्यांची लेकरं वाढली.

या युद्धाशी आपलंही नातं आहे. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये बुसानच्याच बंदरात उतरली आणि पुढे आघाडीवर जखमींवर उपचार करत राहिली. युद्ध थांबल्यावर कोरियात आलेल्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा सांभाळ त्यांच्याकडे होता. बुसानमध्ये संयुक्त राष्ट्रांची जगातली एकमेव लष्करी दफनभूमी आहे. तिथे सुमारे २,३०० सैनिक विसावले आहेत.

शेवटी योंगदो पुलावर गेलो. १९३४ चा हा उचलता पूल. ताटातूट होताना घरची माणसं एकमेकांना सांगत, बुसानला योंगदो पुलापाशी भेटू. कारण या शहरातलं तेवढं एकच ठिकाण सगळ्यांना ऐकून माहीत होतं. लोक दिवसचे दिवस कठड्याला टेकून वाट बघत. पुलाखाली ज्योतिषी बसत, आणि त्यांना एकच प्रश्न विचारला जाई: जिवंत आहे का? १९६६ मध्ये पूल उचलणं बंद झालं, २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. मी गेलो तो शनिवार होता. दुपारी दोनला भोंगा वाजला, गाड्या थांबल्या आणि रस्त्याचा तुकडा आभाळाकडे उभा राहिला, त्यावर रंगवलेल्या समुद्रपक्ष्यांसकट. पंधरा मिनिटांनी तो खाली आला. माझ्या शेजारच्या आजीबाई मात्र गर्दी पांगली तरी कठडा धरून उभ्याच होत्या.