वळचणीला मोठी, आढ्याला लहान

विलायतेतले खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाताळच्या कार्डावरचे चित्र उभे राहते. ग्लॉस्टरशायरमधले बायबरी गाव प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मला ते चित्रच फिके वाटले. कॉल्न नदीकाठी तेथे ‘आर्लिंग्टन रो’ नावाची घरांची एक ओळ आहे. इ. स. १३८० च्या सुमारास मठाची लोकर ठेवण्यासाठी हे कोठार बांधले आणि १७ व्या शतकात त्यातून विणकरांची घरे निघाली. एवढे कोरीवकाम करून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना त्यात काय विशेष, असे वाटेल. विशेष आहे ते दगडात.

हा दगड म्हणजे कॉट्सवोल्ड टेकड्यांतली चुनखडी. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा दगड तयार झाला. जवळून पाहिला तर माशाच्या गाबोळीसारखे बारीक कण दिसतात! अंगच्या लोहामुळे रंग मधासारखा.

छपरावरची कौलेही दगडीच. ती काढण्याची जुनी रीत मोठी गमतीची आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला खाणीतून काढलेला दगड ओला राखून कडक थंडीची वाट पाहात. थरांत मुरलेले पाणी गोठले की फुगे आणि दगडाचे पापुद्रे आपोआप सुटत. थंडी पडली नाही, तर कौले नाहीत! ही कौले ओकच्या खुंट्यांनी रिपांवर अडकवीत. वळचणीला मोठी, आढ्याकडे लहान लहान होत गेलेली. पाणी चटकन निथळावे म्हणून पाख उभी, आणि तिच्याखाली आयतीच माळ्यावरची खोली.

हेन्री फोर्डला या घरांचा इतका मोह पडला की, १९३० मध्ये त्याने चेडवर्थचे एक घर दगडन् दगड सुटा करून अमेरिकेत नेले. श्रीमंताची हौस, दुसरे काय!

पण या घरांचा खरा वैरी निघाला सिमेंट. गावातल्या एका घरापाशी एक म्हातारा गवंडी छिन्नीने दरजा उकरीत बसला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. विसाव्या शतकात लोकांनी त्या सिमेंटने बुजविल्या. आता पाणी दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचा पापुद्रा उडवते.” ज्या थंडीने कौले दिली, तीच आता भिंती खाऊ लागली होती. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. नव्यासारखे करू नका, नीट डागडुजी करा, हा तिचा आग्रह. गवंडीबुवा त्याच पंथातले. आपल्याकडे चुन्यात बांधलेल्या वाड्यांवर सिमेंटचा गिलावा चढविणाऱ्यांनी त्यांच्याजवळ घटकाभर बसावे.

दिवसभरात त्यांनी जेमतेम दोन हात भिंत मोकळी करून चुन्याने भरली होती. इतक्यात पावसाची सर आली. ओल्या चुन्यावर गोणपाट टाकून ते चहा प्यायला गेले.