ट्रेलरची बॅटरी: घेण्याआधी आणि घेतल्यावर

गाडी स्टार्ट करणारी बॅटरी कॅम्पिंग ट्रेलरमध्ये बसवू नका. ती क्षणभर जोरदार करंट द्यायला बनवलेली असते. रात्रभर फ्रिज आणि दिवे चालवायला डीप-सायकलच हवी. त्यात लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण १०० ॲम्पिअर-अवरपैकी निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात, वजनही निम्म्याच्या आसपास. ट्रेलर ओढायचा असतो, त्यामुळे माझं मत लिथियमलाच! फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. थंडीत स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवाच.

आता चाचणी. लेड-ॲसिड पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा. मल्टिमीटरवर साधारण १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२.१ दिसले तर जवळपास निम्मी संपली. लिथियमचं व्होल्टेज मात्र बराच वेळ १३.२च्या आसपास रेंगाळतं, तिथे मल्टिमीटर फसवतो. शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, बॅटरी मॉनिटरच लावा.

खरी परीक्षा लोडवर. १०० ॲम्पिअर-अवरच्या नव्या बॅटरीने ५ ॲम्पिअरचा लोड जवळपास २० तास ओढला पाहिजे. लेड-ॲसिड असेल तर १०.५ व्होल्टला थांबा, लगेच चार्जिंगला लावा, आणि ही चाचणी वारंवार करू नका.