नौकेच्या जलपंपाचे पूर्वसंकेत

कोकण किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक नौकांची इंजिने समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपामुळे थंड राहतात. पंपातील रबरी पंख्याची पाती झिजली की पाणी अपुरे पडते; भर समुद्रात इंजिन बंद पडून खलाशांचे प्राण संकटात येतात. मात्र हा बिघाड बहुधा पूर्वसूचना देतो. नौकेबाहेर पडणारी पाण्याची धार क्षीण होणे, तापमापकाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकणे, धुरासोबत वाफ येणे, पंपाखाली पाणी ठिबकून मिठाचा थर साचणे, ही त्याची लक्षणे होत. म्हणून इंजिन सुरू होताच तांडेलाने प्रथम धार पाहावी. धार नसल्यास इंजिन त्वरित बंद करावे. कोरडा फिरणारा पंखा काही मिनिटांतच निकामी होतो. तुटलेल्या पात्यांचे तुकडे नळीत अडकतात. तेही शोधून काढावेत. जादा पंखा नौकेवर असावा. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी ही माहिती प्रत्येक तांडेलापर्यंत पोहोचवावी.